वर्षभराचं मॅट्रिमनी पॅकेज घ्यावं का? थकून दिलेल्या होकाराच्या अंगाने केलेलं परीक्षण

मॅट्रिमनी ॲप, वधू-वर सूचक केंद्र, मेळावा आणि पैसे घेऊन स्थळं आणणारा मध्यस्थ. नातेवाइकांनी सुचवलेली स्थळं सोडली, तर मराठी घरांत सध्या स्थळं मुख्यतः याच चार वाटांनी येतात. या सेवांबद्दल लोक एकमेकांना सांगतात तेव्हा मुद्दा एकच असतो: स्थळं किती आली. आम्ही इथे दुसरी कसोटी लावली आहे. होकार देण्याच्या दिवशी माणूस कोणत्या अवस्थेत असतो? त्याला समोरची व्यक्ती हवी असते, की हा सगळा प्रकार एकदाचा थांबायला हवा असतो?

चारही सेवा या कसोटीवर कमी-जास्त प्रमाणात कमी पडतात. तरीही त्या नीट वापरता येतात. त्यासाठी त्या कुठे दमवतात आणि का, हे पैसे भरण्याआधी माहीत हवं.

आधी थकलेल्या होकाराबद्दल. तो ओळखता येतो, कारण ‘का हो म्हणालास?’ असं विचारलं तर उत्तरात समोरचा माणूस येतच नाही. ‘नाही म्हणण्यासारखं काही नाही.’ ‘घरच्यांना पसंत आहे.’ ‘आता पुन्हा कोणाला पहिल्यापासून सगळं सांगत बसू?’ ‘वय वाढत चाललंय.’ ही चारही वाक्यं खरी असतील, पण ती कोणत्याही स्थळाला लागू पडतात. करून बघण्यासारखी एक साधी चाचणी आहे. कागद घ्यायचा आणि त्या व्यक्तीबद्दल अशी पाच वाक्यं लिहायची, जी मागच्या दहा स्थळांपैकी कुणालाही लागू होणार नाहीत. ‘इंजिनिअर आहे, सुस्वभावी आहे’ चालणार नाही. ‘वेटरने चुकीची ऑर्डर आणली तर चिडला नाही, पण बदलून मात्र घेतली’ हे चालेल. पाच होत नसतील तर आणखी भेटी बाकी आहेत. तीन भेटींनंतरही दोनाच्या पुढे गाडी जात नसेल, तर होकार त्या माणसाला नाही.

इथे प्रेमविवाह आणि ठरवून केलेलं लग्न असा वाद आम्हाला घालायचा नाही. कांदेपोह्यांतून जमलेली आणि पुढे घट्ट झालेली लग्नं भरपूर आहेत. पहिल्या दिवशी छातीत धडधड झालीच पाहिजे, असंही नाही. ‘पुरेसं चांगलं’ निवडणं आणि थकून निवडणं यांत फरक आहे, आणि तो सगळ्यात नेमका दाखवला अर्थशास्त्रातल्या हर्बर्ट सायमन यांच्या विचाराने. माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही; मनाशी एक पट्टी धरतो आणि तिला पुरणारा पहिला पर्याय घेतो. हे शहाणपणाचं वागणं आहे, फक्त पट्टी आधी ठरलेली हवी. स्थळागणिक ती एकेक इंच खाली येत गेली आणि तेविसाव्या स्थळाला ‘चालेल’ वाटलं, तर चांगलं स्थळ आलेलं नसतं, पट्टी जमिनीला टेकलेली असते. म्हणून नाव नोंदवायच्या दिवशीच चार अटी तारखेसह लिहून ठेवायच्या. त्या बदलता येतात, पण एखादं स्थळ समोर असताना नाही.

टोरांटो विद्यापीठातल्या स्टेफनी स्पिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याच विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकटं राहण्याची भीती ज्यांना जास्त, ते कमी आस्था दाखवणाऱ्या व्यक्तीलाही जोडीदार म्हणून पसंत करण्याकडे झुकतात, असं त्यांना दिसलं. ही भीती आपल्याकडे घरातच तयार होते, आणि काही सेवा तिच्यावर फोन करून विक्री करतात.

आता ॲप.

शादी, जीवनसाथी, मराठी मॅट्रिमनी ही नावं सगळ्यांच्या परिचयाची आहेत. तपशील वेगवेगळे असले तरी या प्रकारच्या सेवांचा सांगाडा सारखाच असतो. प्रोफाइल फुकट तयार होतं, ‘इंटरेस्ट’ पाठवता येतो आणि मोबाइल नंबर बघायला किंवा मोकळेपणी बोलायला बहुतेक ठिकाणी पैसे लागतात. पॅक तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे असतात आणि त्यात ठरावीक संख्येने नंबर उघडता येतात.

दमवणारी पहिली गोष्ट म्हणजे रोज येणारी यादी. समजा दिवसाला दहा स्थळं सुचवली जातात आणि प्रत्येकावर दोन मिनिटं जातात. वर्षाला ३,६५० चेहरे आणि सव्वाशे तासांच्या आसपास वेळ. एवढे चेहरे पाहिल्यावर कोणाचा फोटो कोणत्या गावाचा, हे डोक्यात राहत नाही. बायोडेटाही एकाच साच्यातले असतात. नाव, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण, पगार, एक बहीण विवाहित, आणि शेवटी ‘अपेक्षा: अनुरूप’. हा शेवटचा शब्द तर काहीच सांगत नाही. पर्याय फार झाले की माणूस निवडतच नाही, हे दाखवणारा जॅमच्या बाटल्यांचा प्रयोग शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. टेबलावर २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांच्या आसपास लोकांनी खरेदी केली. ६ मांडले तेव्हा जवळपास ३० टक्क्यांनी. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे सारखा आढळला नाही, तेव्हा त्याला नियम मानायचं कारण नाही. पण लग्नाच्या ॲपवर जॅमपेक्षा वाईट एक गोष्ट घडते. जॅम न घेता घरी जाता येतं. इथे घरी गेलं की आई विचारते, ‘आज काही आलं का?’

उपाय सेटिंगमध्ये आहे. वयाची कक्षा, शहर आणि शिक्षण हे तीनच गाळण कडक ठेवा आणि ‘गेल्या महिन्यात सक्रिय’ असा पर्याय असेल तर तो लावाच. पुष्कळ प्रोफाइलं लग्न ठरल्यावरही काढलेली नसतात. अशा बंद घरांवर टकटक करूनच निम्मी निराशा येते: पंधरा इंटरेस्ट पाठवले, एकालाही उत्तर नाही, आणि माणूस स्वतःत खोट शोधू लागतो. उत्पन्नाचा गाळण मात्र सैल ठेवा, कारण तो आकडा प्रोफाइल भरणाऱ्याने स्वतः टाकलेला असतो. नोटिफिकेशन बंद करा. आठवड्यातून दोन दिवस, पाऊण-पाऊण तास, एवढंच ॲप उघडायचं. आठवड्याला नवी तीन स्थळं, एका वेळी दोनच संवाद सुरू, आठवड्यात एकच भेट. हे कमी वाटतं. वर्षाला दीडशे स्थळं होतात, आणि एवढी लक्षपूर्वक पाहिली तर पुष्कळ झाली.

दुसरी दमवणारी गोष्ट म्हणजे पॅकची शेवटची तारीख. पॅक संपायला आठ दिवस उरले आणि वीस नंबर शिल्लक आहेत, असं दिसलं की घरात हिशोब सुरू होतो: पैसे वाया जातील. मग दोन दिवसांत वीस फोन होतात, त्यातून चार भेटी एका शनिवार-रविवारात बसवल्या जातात, आणि रविवारी रात्री ‘त्या चारांतली ही बरी वाटली’ असा निर्णय होतो. चारांतली बरी आणि आपल्याला हवी, हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. नंबर वाया गेले तर जाऊ द्यावेत.

म्हणून वर्षाच्या पॅकपेक्षा तीन महिन्यांचा पॅक घ्यावा, महिन्याच्या हिशोबाने महाग पडला तरी. तीन महिने शोध, मग सहा आठवडे पूर्ण सुट्टी, मग हवं तर पुन्हा तीन महिने. सुट्टीत प्रोफाइल डिलीट करू नका, लपवून ठेवा. पैसे भरण्याआधी विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे: ‘प्रोफाइल लपवलं तर माझी मुदत थांबते का?’ उत्तर लेखी घ्या. दुसरा प्रश्न: ‘पॅक आपोआप नव्याने सुरू होतो का, आणि ते बंद कुठून करायचं?’

खाते कोण चालवतं, यावरही बरंच अवलंबून असतं. पुष्कळ घरांत ते वडिलांच्या फोनवर असतं. वडील निवृत्त, वेळ मोकळा, त्यामुळे संध्याकाळी मुलगी कामावरून आली की जेवणाच्या ताटासमोर आठ स्थळं. तिचा दिवसातला थकवा आणि स्थळांचा थकवा एकात एक मिसळतो आणि दोन्हीचा राग त्या आठांवर निघतो, किंवा एक दिवस ती ‘तुम्हाला बरं वाटेल ते ठरवा’ म्हणते. हे वाक्य घरात ऐकू आलं तर त्या आठवड्यात एकही स्थळ पाहू नका. काम वाटून घेता येतं. प्राथमिक चौकशी, गाव-नोकरीची खातरजमा, नकार कळवणं हे पालकांकडे. पसंतीच्या तीन स्थळांची यादी रविवारी सकाळी एकदाच मुलाच्या किंवा मुलीच्या हातात. इतर दिवशी घरात विषय बंद.

पत्रिकेचं एक सांगायला हवं, कारण इथे फार माणसं उगाच दुखावली जातात. पत्रिका बघणार असाल तर पहिल्या फोनच्या आधी बघा. अष्टकूटाचे गुण वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८, असे मिळून ३६ होतात, आणि १८ पुरतात असं मानतात. नाडीचे आठही गेले तरी २८ पर्यंत गुण येऊ शकतात. त्यामुळे ‘२४ गुण, पण एकनाड’ असा निकाल येतो आणि मानणारं घर तिथे थांबतं. हे दोन भेटी झाल्यावर, मुला-मुलीचं सूत जमू लागल्यावर सांगितलं, की पुढच्या स्थळाशी बोलायची उमेद तिथेच संपते. मंगळ, गोत्र, देवक यांचंही तेच. मानत नसाल तर प्रोफाइलमध्ये ‘पत्रिका पाहणार नाही’ असं स्पष्ट लिहा. तेवढ्याने निम्मे फोन कमी होतील, आणि ते कमी झालेलेच बरे.

‘पत्रिका जुळत नाही’ हा आपल्याकडे सभ्य नकारही आहे. सगळ्यांना तो माहीत असतो आणि त्यात वाईट काही नाही. मात्र नकार कळवायचा असतो, हे फार लोक विसरतात. ‘घरी बोलून कळवतो’ म्हणून तीन आठवडे गप्प राहणं, यानेच समोरच्या माणसाची सगळ्यात जास्त झीज होते. भेटीनंतर ४८ तासांत कळवा: ‘तुमच्याशी भेटून छान वाटलं, पण पुढे जावं असं वाटत नाही. तुम्हाला मनापासून शुभेच्छा.’ एवढा मेसेज पुरतो. कारण देऊ नका. रंग, उंची, वजन तर नाहीच नाही.

ओळखपत्राच्या खुणेवर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी ‘व्हेरिफाइड’ म्हणजे मोबाइल नंबर आणि एखादं ओळखपत्र तपासलेलं असतं. पगार, आधीचं लग्न, कर्ज यांतलं काही त्यात येत नाही. विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वापरकर्त्याची पडताळणी, तक्रार निवारण अधिकारी, प्रोफाइल तयार करणाऱ्याच्या आयपी पत्त्याची नोंद, अशा अपेक्षा त्यात आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल ॲपवर सापडतो का, ते पैसे भरण्याआधी शोधा. नाही सापडलं तर पैसे भरू नका. घटस्फोटित स्थळ असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागा. ‘केस संपत आलीय’ यावर पुढे जाऊ नका. थकलेला माणूस नेमकी हीच चौकशी सोडून देतो. पंचविसाव्या स्थळाला फॉर्म १६ मागायचा त्याला कंटाळा आलेला असतो, संकोचही वाटतो. पाचव्या स्थळाला जी यादी विचारली तीच पंचविसाव्याला विचारायची, म्हणून यादी छापून ठेवा.

ॲपला आम्ही पाचपैकी अडीच देऊ. पर्याय, सोय, दूरच्या शहरातला किंवा परदेशातला माणूस सापडणं, यात त्याला तोड नाही. पण थांबायचं कुठे, हे ते कधीच सांगत नाही.

वधू-वर सूचक केंद्रांचं गणित उलटं आहे. तिथे स्थळं कमी असतात, पण मधे एक माणूस असतो. पुण्या-मुंबईत, नाशिकला, कोल्हापूरला अशी केंद्रं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत: काही ज्ञातींची, काही सर्वांसाठी खुली. नोंदणी फॉर्म, दोन फोटो, फाइल क्रमांक, आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला जाऊन फायली चाळायच्या. बऱ्याच केंद्रांचं आता संकेतस्थळही आहे. सगळ्यात मोलाची सेवा कोणती, तर नकार तिसऱ्या माणसाकडून पोहोचतो. ‘ताई, त्यांच्याकडून नाही आलंय’ हे केंद्रातल्या ताईंनी सांगणं आणि मेसेजच्या निळ्या खुणा बघत बसणं, यात फार अंतर आहे. शिवाय जाणता चालक दहाव्या नकारानंतर तुमचं काय चुकतंय हे सांगतो: फोटो जुना आहे, अपेक्षेत ‘फक्त पुणे’ लिहिलंय, वडील फोनवर पहिल्याच वाक्यात पगार विचारतात.

केंद्रं बिघडतात ती ‘वय’ या शब्दाने. ‘तिशी ओलांडली की चांगली स्थळं राहत नाहीत, आता फार चिकित्सा करू नका.’ हा सल्ला देणाऱ्या केंद्रात दुसऱ्यांदा जाऊ नये. चांगलं केंद्र ओळखायचं तर पहिल्या भेटीत विचारा: ‘तुमच्याकडे लग्न ठरल्यावर नाव किती दिवसांत काढता?’ आणि ‘काही दिवस थांबावं असं तुम्ही कोणाला कधी सांगता का?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर देणारी केंद्रं आहेत. काही ठिकाणी विवाहपूर्व समुपदेशनही होतं. अशा केंद्राला आम्ही चार देऊ. नुसतीच फाइल पुढे सरकवणाऱ्याला दोन.

मेळावा हा एका दिवसाचा मामला. हॉलमध्ये सकाळी दहाला नोंदणी, हातात परिचय पुस्तिका, प्रत्येकाला क्रमांक, मग व्यासपीठावर एकेकाचा मिनिटभर परिचय. दीडशे-दोनशे जणांचे परिचय म्हणजे सलग तीन-चार तास. दुपारच्या जेवणानंतर ज्यांची पाळी येते त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ते चांगलं बोलत नाहीत म्हणून नव्हे. सभागृहच पेंगुळलेलं असतं. त्यामुळे पुस्तिका आदल्या दिवशी मिळते का ते विचारा. घरी बसून आठ क्रमांकांवर खूण करा, त्याहून जास्त नाही. मेळाव्यात त्या आठांनाच ऐका आणि शक्य तितक्यांशी त्याच दिवशी दहा-दहा मिनिटं बोला. आयोजकांनी टेबलं मांडून आमनेसामने बोलायची सोय केली असेल तर मेळावा सार्थकी लागतो. फक्त व्यासपीठ असेल तर पुस्तिका विकत घेऊन घरी जावं. लहान गावांत, घटस्फोटित आणि विधवा-विधुरांसाठी आणि दिव्यांगांसाठी होणारे छोटे मेळावे मात्र आम्हाला मनापासून आवडतात. तिथे ऐंशीच्या आत माणसं असतात आणि लोक एकमेकांना पुरेसा वेळ देतात.

चौथ्या वाटेबद्दल, म्हणजे पैसे घेऊन स्थळं आणणाऱ्या मध्यस्थाबद्दल, जास्त काळजीने लिहावं लागतं. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. बातमी हसत वाचली गेली, पण मागणी गर्भलिंगनिदान बंदी कायद्याच्या कडक अंमलबजावणीची होती. शेती करणाऱ्या, पस्तिशीला आलेल्या मुलाच्या घरचा थकवा शहरी ॲपच्या थकव्यापेक्षा फार खोल असतो. पाच एकर बागायत, घर बांधलेलं, निर्व्यसनी मुलगा, आणि दहा वर्षांत एकही मुलगी दाखवायला कोणी तयार नाही. याच थकव्यावर मध्यस्थ जगतात. पद्धत ठरलेली आहे. दूरच्या जिल्ह्यातली किंवा राज्यातली ‘गरीब घरची मुलगी’, रोख रक्कम आधी, दोन दिवसांत देवळात लग्न, आणि आठवडाभरात दागिन्यांसह मुलगी गायब. तक्रार करायला घरचे लाजतात, त्यामुळे तोच मध्यस्थ पुढच्या तालुक्यात जातो.

इथे पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत सूट नको. रोख पैसे द्यायचे नाहीत. मध्यस्थाची फी बँकेतून, पावतीसह, लग्नाच्या नोंदणीनंतर. मुलीच्या गावी आपल्या घरातल्या किमान दोन माणसांनी जाऊन यायचं, तिच्या घरात जेवायचं, शेजारच्या दोन घरांत चौकशी करायची. मुलीशी ती एकटी असताना बोलायला मिळालं पाहिजे. तिला विकलं जातंय का, तिची इच्छा आहे का, हा प्रश्न आपल्या मुलाच्या फसवणुकीइतकाच मोठा आहे. ‘मुहूर्त परवाचाच आहे’ असं कोणी म्हणालं तर तिथेच उठावं. आणि लग्नाची नोंदणी करा. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ याखाली ९० दिवसांत नोंदणी करायची असते, तीन साक्षीदारांसह. या कायद्याच्या नावातच विवाह मंडळांचं, म्हणजे लग्नं जुळवून देणाऱ्या संस्थांचं, विनियमन आहे, तेव्हा मध्यस्थाला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. पावती देत नाही आणि पत्ता सांगत नाही अशा मध्यस्थाला शून्य गुण.

भेटी कशा घ्याव्यात, यावर सगळ्या सेवा गप्प असतात, म्हणून थोडं सविस्तर. आधी पंधरा मिनिटांचा फोन, व्हिडिओ असेल तर उत्तम. पहिली भेट तास-दीड तासाची, सुट्टीच्या दिवशी सकाळी. कामावरून थेट जाऊन संध्याकाळी सातला भेटू नका. एका दिवसात दोन स्थळं तर कधीच नको. दुसरं स्थळ पहिल्याच्या तुलनेत मोजलं जातं आणि दोघांवरही अन्याय होतो. घरी बघण्याचा कार्यक्रम करायचाच असेल तर तो पहिल्या बाहेरच्या भेटीनंतर ठेवा. पोह्यांचा ट्रे, समोर सहा मोठी माणसं, ‘तुम्ही दोघं जरा गॅलरीत बोला’ आणि तिथे मिळालेली आठ मिनिटं: त्यात कोणी कोणाला कळत नाही. मुलीच्या घरी हा कार्यक्रम वीस वेळा झाला असेल तर एकविसाव्याला आधी तिला विचारा.

दुसरी भेट दोघांच्या एकेका मित्र-मैत्रिणीसह. तिसऱ्या भेटीत काहीतरी काम एकत्र करा: बाजारहाट, लोकलने प्रवास, एखादा किल्ला, अगदी बँकेतलं काम असलं तरी चालेल. रांगेत, गर्दीत, उन्हात माणूस खरा दिसतो. या तीन भेटींत पाच विषय व्हायलाच हवेत: पैसा आणि कर्ज, आईवडिलांची जबाबदारी आणि राहणार कुठे, मूल हवं की नको आणि केव्हा, नोकरी कोणाची बदलणार, आणि शरीर-मनाचे आजार. मग पंधरा दिवस मध्ये जाऊ द्या. या पंधरा दिवसांत नवं स्थळ नाही. पंधराव्या दिवशी त्या व्यक्तीला काहीतरी सांगावंसं वाटतंय का, एवढं बघा. ऑफिसात घडलेली साधी गोष्ट सांगावीशी वाटणं, ही आमच्या मते सगळ्यात भरवशाची खूण आहे.

होकारानंतरही एक सापळा असतो, तो हॉलचा. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि चांगली कार्यालयं महिनोन्‌महिने आधी भरतात. म्हणून सुपारी फुटायच्या आत हॉलचा ॲडव्हान्स जातो. मग साखरपुड्यानंतर मनात शंका आली तरी ‘हॉलचे पैसे गेले, पत्रिका छापल्या, लोक काय म्हणतील’ या तीन गोष्टी तोंड बंद करतात. साखरपुडा आणि लग्न यांत तीन महिने तरी ठेवा, आणि हॉल पहिला महिना गेल्यावर ठरवा. आवडता हॉल नाही मिळाला तर गावातलं देऊळ आहे, नोंदणी पद्धत आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं. ते दिवस अडचण मानू नका, ते उपयोगी पडतात.

सहा आठवडे सुट्टी घ्या म्हटलं की घरचे म्हणतात, वेळ जातो. वेळेचाच हिशोब करायचा तर दुसरी बाजूही बघा. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्नाला वर्ष होईपर्यंत सहसा घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्परसंमतीसाठी आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं लागतं, आणि अर्जानंतर पुन्हा सहा महिने. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षात. ही सगळी वर्षं दोघांच्याही आयुष्यातली जातात, आणि थकून दिलेल्या होकारात समोरचा माणूस बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याला कोणीतरी मनापासून निवडायला हवं होतं.

पैशांबद्दल शेवटचं. कबूल केलेली सेवा मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. आधी सेवेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. विक्रीच्या फोनवर ‘महिन्याला इतकी जुळणारी स्थळं देऊ’ असं सांगितलं असेल तर तेच वाक्य ईमेलवर मागून घ्या. ते मिळालं नाही तर पैसे भरू नका. मिळालं तर पावती, पॅकचा स्क्रीनशॉट आणि तो ईमेल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्याच दिवशी फोनमध्ये दोन तारखा लावा: आपोआप नूतनीकरण बंद करायची, आणि सुट्टी सुरू करायची.